हद्दीआधी रस्ते आखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानदेशातील शहरांच्या हद्दवाढीची चर्चा अधूनमधून डोके वर काढते आणि प्रत्येक वेळी ती त्याच तीन प्रश्नांभोवती फिरते: कोणती गावे आत घ्यायची, त्यांची घरपट्टी किती वाढणार आणि प्रभागांची संख्या किती होणार. हे प्रश्न गैरलागू नाहीत. पण शहर वाढते कसे, कोणत्या बाजूने वाढते आणि ती बाजू कोण ठरवते, हा त्यांच्या आधीचा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. नागरी भूगोलाच्या ज्या संकल्पना आम्ही विद्यार्थ्यांकडून परीक्षेपुरत्या पाठ करून घेतो, त्या आपल्याच जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांना लावून पाहिल्या तर असे दिसते की, हद्द जाहीर होते त्या दिवशी शहराचा आकार ठरत नाही. तो पुष्कळ वर्षे आधी, शेतीच्या एकेका गटात, म्हणजे स्वतंत्र क्रमांकाच्या तुकड्यात, प्लॉट पाडले जातात तेव्हाच ठरून गेलेला असतो, आणि हद्दवाढीने पालिकेच्या पदरात पडतात ते बहुधा आधीच चुकलेले रस्ते. म्हणून हद्दीआधी रस्ते आखावेत, एवढी माझी मागणी आहे. तिची कारणे जरा विस्ताराने मांडू द्यावीत.

शहर वाढले असे आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. जन्म मृत्यूंपेक्षा अधिक होतात म्हणून शहर वाढते, बाहेरून माणसे राहायला येतात म्हणून वाढते, आणि एकही माणूस जागचा न हलता केवळ नोंद बदलली म्हणूनही वाढते. या तिसऱ्या प्रकाराकडे फार दुर्लक्ष होते. आपल्या जनगणनेच्या व्याख्येनुसार जिथे नगरपालिका किंवा तत्सम संस्था कायद्याने स्थापन झाली आहे ते शहर धरतात. शिवाय किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तिन्ही अटी पुऱ्या करणारे गावही, तिथे ग्रामपंचायतच असली तरी, शहर म्हणून मोजले जाते. (या तिसऱ्या अटीत स्त्रियांचे काम धरलेलेच नाही. ज्या प्रदेशात कापसाची वेचणी बव्हंशी स्त्रियांच्या हातांनी होते, तिथे ही अट किती एकांगी ठरते, हे वेगळे सांगायला नको.) अशी जनगणना-शहरे देशात २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. म्हणजे त्या दशकातील नागरीकरणाचा मोठा हिस्सा कोणी गाव सोडल्यामुळे झालेला नाही. गावच जागच्या जागी बदलले, पण तिथला कारभार, पाण्याची सोय आणि बांधकामाची परवानगी या गोष्टी ग्रामपंचायतीच्याच मापाच्या राहिल्या. धुळे महापालिकेच्या हद्दीत २०१८ मध्ये वलवाडी, महिंदळे, अवधान अशी भोवतालची गावे आली, तेव्हा कागदावर शहर एका रात्रीत मोठे झाले. प्रत्यक्षात त्यांतली वस्ती कितीतरी आधीच शहराची झालेली होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही आपली सारी चर्चा २०११ च्या आकड्यांवर चालते, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

शहर कुठे जन्म घेते याचा विचार करताना वस्तीची प्रत्यक्ष जागा आणि तिचे भोवतालच्या प्रदेशाशी असलेले नाते या दोन गोष्टी भूगोल वेगवेगळ्या ठेवतो. जागेचे शहाणपण आपल्या पूर्वजांकडे पुरेपूर होते. गावठाण पांढरीत, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर, आणि शेत काळीत, ही विभागणी तापीच्या खोऱ्यात शतकानुशतके पाळली गेली, कारण खोल काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि तिच्यावरची भिंत तडकते. आज आपली नवी वस्ती सरसकट काळीत उभी राहते आहे. पायाचा खर्च वाढतो, रस्ते खचतात, नळांचे सांधे निखळतात, आणि खानदेशातील सर्वांत कसदार जमीन कायमची सिमेंटखाली जाते. नदीकाठाचेही तसेच. १८७२ मध्ये पांझरेला आलेल्या पुराने धुळ्याची मोठी हानी केली होती, ही नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. तरीही नाल्याची जागा म्हणजे स्वस्त प्लॉटची जागा, हा हिशेब सुटलेला नाही.

पण जागा चांगली म्हणून शहर टिकतेच असे नाही. थाळनेर ही मध्ययुगात खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी राजांची पहिली राजधानी. तापीच्या काठावर, नदी ओलांडता येणाऱ्या उताराच्या मोक्याच्या जागी वसलेले हे ठिकाण आज शिरपूर तालुक्यातले एक गाव आहे. बऱ्हाणपूर मोगलांच्या काळात दक्षिणेचे दार होते. त्या दारातून जाणारी वाट बदलली तेव्हा त्याचे महत्त्वही ओसरले. एरंडोल आणि पारोळा ही जुनी नामांकित पेठांची गावे, पण १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली आणि ही गावे बाजूला राहिली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आणि कापूस यांची ती गाठ पडली नसती तर जळगाव हे एक मध्यम गाव राहिले असते. वखारी आल्या, जिनिंग आले, कापडगिरणी आली, आणि १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली तेव्हा पूर्वेच्या मुख्यालयाचा मान एरंडोलसारख्या जुन्या गावाला न मिळता जळगावला मिळाला. भुसावळचे तर सारेच रेल्वेचे: मुंबईहून आलेला मार्ग तिथे फुटून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा इटारसी-जबलपूरकडे जातो, म्हणून तिथे यार्ड, म्हणून तिथे वसाहत, म्हणून तिथे शहर.

धुळ्याची कथा निराळी आहे आणि माझ्या मागणीच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे. पेशवाई संपल्यावर १८१८-१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशच्या कारभारासाठी धुळे निवडले, कारण ते प्रदेशाच्या मध्यावर आणि पुण्याहून उत्तर हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर होते. त्याने बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावले, त्यांना घरांसाठी जागा दिल्या. पण त्या देण्याआधी पेठेचे सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या आखल्या. आजही धुळेकर पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे सांगतात ती हीच आखणी. दोनशे वर्षांत तिथली घरे अनेकदा पडली आणि बांधली गेली, माणसे बदलली, धंदे बदलले, पण रस्त्यांच्या रेषा हलल्या नाहीत. शहरातली सर्वांत दीर्घायुषी गोष्ट इमारत नसते, रस्त्याची रेषा असते. एकदा तिच्या दोन्ही बाजूंना मालकी हक्क उभे राहिले की ती हलवणे कुणाच्या बापाला जमत नाही. ब्रिग्जचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. त्याला सैन्य आणि महसूल हवा होता, नागरिकांची सोय त्याच्या यादीत खाली असणार. परंतु आधी रस्ता, मग प्लॉट, हा क्रम त्याने पाळला आणि स्वतंत्र भारतातल्या आपल्या पालिकांनी तो उलटा केला, ही गोष्ट खरी आहे.

शहरे एकमेकांच्या संदर्भातही वाढतात. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडला. प्रत्येक सेवेला जगण्यासाठी काही किमान गिऱ्हाईक लागते आणि प्रत्येक सेवेसाठी माणूस काही एका अंतरापलीकडे जात नाही, हे त्याचे मूळ सूत्र. मीठमिरची आठवडे बाजारात मिळते, खतासाठी आणि कोर्टकचेरीसाठी तालुक्याला जावे लागते, आणि लग्नाचे सोने घ्यायला मात्र बुलढाणा आणि बऱ्हाणपूरकडची माणसेही जळगावच्या सराफ बाजारात येतात. क्रिस्टालरची षट्कोनी जाळी सपाट, सारख्या प्रदेशासाठी होती. आपल्याकडे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा असल्यामुळे ती जाळी पूर्व-पश्चिम पट्ट्यात दाबली गेली आहे. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ही तापीच्या उत्तरेकडची गावे त्यामुळेच एका माळेत दिसतात. केळीच्या पट्ट्यात फैजपूर आणि सावदा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही दोन्ही बाजारपेठा चालतात, कारण बागायतीमुळे थोड्या परिसरातही पुरेसे गिऱ्हाईक मिळते. उलट धडगावचा बाजार सातपुड्यातल्या दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे ओढतो, कारण तिथे खिशातला पैसा आणि वाहन दोन्ही कमी आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एक चांगले रुग्णालय उभे करणे हा जळगावची गर्दी कमी करण्याचाही उपाय आहे, हे या सिद्धांतातून सरळ निघते; पण हद्दवाढीच्या बैठकीत रुग्णालयाचा विषय कोण काढणार?

खानदेशाला एक नशीब मात्र लाभले आहे. एकच शहर सारा प्रदेश गिळून बसते आणि दुसऱ्या क्रमांकाचे शहर त्याच्या पासंगालाही पुरत नाही, अशा शहराला मार्क जेफरसनने १९३९ मध्ये प्रधान नगर म्हटले. महाराष्ट्रात मुंबई तशी आहे: २०११ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि पुणे महापालिकेची सुमारे ३१ लाख. खानदेशात तसे घडले नाही. त्याच वर्षी जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे ३ लाख ७५ हजार, भुसावळ १ लाख ८७ हजार आणि नंदुरबार १ लाख ११ हजार, अशी उतरंड होती. १९०६ ची वाटणी, १ जुलै १९९८ ला झालेला वेगळा नंदुरबार जिल्हा आणि २००३ मध्ये एकाच वर्षी जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी आलेल्या महापालिका, या प्रशासकीय निर्णयांचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र खानदेशाची खरी ओढ प्रदेशाबाहेर आहे. कामासाठी निघालेला माणूस जळगावला न थांबता ताप्ती मार्गाच्या गाडीने सुरतेला उतरतो. तिथल्या उधना, लिंबायत भागात अहिराणी सहज कानावर पडते ती त्यामुळेच. उद्योगांचेही असेच झाले आहे. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली, कारण भुईमूग इथे होता. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि वाढली बंगळुरूत, कारण नव्या धंद्याला लागणारी माणसे तिथे होती. कच्च्या मालाजवळ उद्योग जन्मतो आणि कुशल माणसांच्या गर्दीत तो वाढतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला माझ्या वर्गात द्यावे लागत नाही.

आता शहराच्या आतल्या रचनेकडे वळते. अर्नेस्ट बर्जेसने १९२५ मध्ये शिकागोवरून समकेंद्री वलयांची कल्पना मांडली: मध्ये बाजार, त्याभोवती मोडकळीला आलेली वस्ती, पुढे कामगार, पुढे मध्यमवर्ग आणि कडेला श्रीमंत. ती आपल्याला फारशी लागू पडत नाही, कारण आपल्या सुखवस्तू कुटुंबांनी पेठा सोडायला फार वेळ लावला आणि कडेला आधी गेला तो गरीब, स्वस्त गुंठ्याच्या शोधात. होमर हॉइटने १९३९ मध्ये सांगितलेली गोष्ट आपल्याला अधिक लागू पडते: शहर मोठ्या रस्त्यांच्या अनुरोधाने पाचरीसारखे बाहेर सरकते. जळगावात अजिंठा रस्त्याने औद्योगिक वसाहत गेली, पाचोरा रस्त्याने आणि महामार्गाने घरे गेली. चान्सी हॅरिस आणि एडवर्ड उलमन यांनी १९४५ मध्ये मांडलेला बहुकेंद्री नमुना पाहायचा असेल तर भुसावळला जावे. जुने गाव, रेल्वेची आखीव वसाहत, आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक केंद्र आणि पलीकडे वरणगाव, अशी प्रत्येकाची आपापली शाळा, आपापला बाजार आणि आपापले पाणी असलेली केंद्रे तिथे शेजारी शेजारी नांदतात. ज्या रेल्वेने हे शहर घडवले, तीच रुळांनी त्याचे दोन तुकडेही करते. जळगावातही शिवाजीनगरचा जुना उड्डाणपूल पाडल्यावर रुळांपलीकडच्या वस्तीला जो वळसा पडला, तो अनेकांच्या लक्षात असेल.

जळगावच्या महामार्गाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, तरी त्याचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. पूर्वी सहा आणि आता त्रेपन्न क्रमांक असलेला हा रस्ता एकेकाळी शहराच्या कडेने जात होता. कडेला रस्ता म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडले. प्लॉट पडले म्हणून वस्ती आली. वस्तीला आपला असा दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून शाळेच्या सायकली आणि गुजरातकडे जाणारे ट्रक एकाच डांबरावर आले. मग समांतर रस्त्यांची मागणी झाली, आंदोलने झाली, माणसे गेली. पुढे तरसोद ते पाळधी असा शहराबाहेरून जाणारा वळणरस्ता निघाला. त्याच्या कडेच्या शेतांसाठी आतले रस्ते आज आखले नाहीत, तर हाच क्रम एका पिढीत तिथेही पुरा होईल, आणि तेव्हाही आपण अपघातांना वाहनचालकांची बेफिकिरी हेच एक कारण देत बसू.

हे असे का होते, याचे उत्तर जमिनीच्या भावात आणि गटाच्या आकारात आहे. योहान फॉन थ्यूनेनने १८२६ मध्ये शेतीसाठी आणि विल्यम अलोन्सोने १९६४ मध्ये शहरासाठी दाखवून दिले की, एखाद्या जागेसाठी जो वापर सर्वाधिक भाडे देऊ शकतो तो तिथे येतो, आणि बाजारापासून दूर जावे तसे हे भाडे उतरत जाते. शहर जवळ आले की केळीचे किंवा कापसाचे पीक कितीही उत्तम आले तरी ते प्लॉटच्या भावाशी स्पर्धा करू शकत नाही. शेतकऱ्याने जमीन विकणे यात लोभ नाही, हिशेब आहे, आणि त्याबद्दल त्याला बोल लावणारे शहरी लोक मला ढोंगी वाटतात. अडचण पुढे आहे. जमीन विकली जाते ती एकेका गटाची, आणि खानदेशातले गट लांबट, अरुंद, बांधांनी आणि नाल्यांनी वाकलेले असतात. विकासक आपल्या गटापुरता ले-आउट, म्हणजे प्लॉटांची आखणी, करतो, नियमात बसेल तेवढा आतला रस्ता ठेवतो आणि तो रस्ता बांधापाशी संपवतो. शेजारच्या गटात पाच वर्षांनी दुसरा विकासक येतो, त्याचा रस्ता पन्नास पावले अलीकडे किंवा पलीकडे त्याच बांधाला येऊन भिडतो. असे दहा गट झाले की एक वसाहत तयार होते, जिच्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी मुख्य रस्त्यावर परत यावे लागते. घंटागाडी वळत नाही, अग्निशामक बंब शिरत नाही, आणि सांडपाण्याची गटार कोणत्या उताराने न्यायची याचा कोणीच विचार केलेला नसतो.

मोकळ्या जागेचेही तेच. सध्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. नियम चांगला आहे. पण भावाभावांत वाटण्या झालेल्या जमिनीचे तुकडे या मापाच्या आत राहिले तर काहीच सोडावे लागत नाही, आणि जिथे सोडले जाते तिथेही ते दहा ठिकाणी दहा चिंचोळे तुकडे होतात. त्यांत मैदान होत नाही. फार तर एक मंदिर, दोन बाके आणि एक बंद पडलेला हातपंप मावतो. ज्यांनी परवानगीच घेतली नाही अशा गुंठेवारीच्या वस्त्यांसाठी २००१ मध्ये राज्याने नियमितीकरणाचा कायदा केला. त्याने घरमालकाला कागद मिळाला, ही दिलाशाची गोष्ट आहे, पण न आखलेला रस्ता कोणत्याही शुल्काने रुंद होत नाही.

पालिकेचा विकास आराखडा हे सांभाळण्यासाठीच आहे, असे कोणी म्हणेल. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने तो बंधनकारक केला आहे खरा. मात्र आराखड्यात मोठे रस्ते आणि आरक्षणे, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागा, असतात; आतली जाळी तो गटमालकांवर सोडतो. शिवाय आरक्षित जमीन विकत घ्यायला पालिकेकडे पैसा नसतो, आणि दहा वर्षांत ती घेतली नाही तर मालकाने नोटीस दिल्यावर, ठरावीक मुदतीनंतर, आरक्षण रद्द होण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम १२७ मध्ये आहे. मालकाच्या बाजूने ती न्याय्यच आहे. परिणाम असा की नकाशावर हिरवे दाखवलेले मैदान विसाव्या वर्षी व्यापारी संकुल म्हणून उभे राहते.

त्याच कायद्यात दुसरे एक साधन आहे आणि ते नवेही नाही: नगररचना योजना. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ते आपल्याकडे आहे. वांद्रे, खार, सांताक्रूझ हे भाग त्यातूनच घडले. अनेक गटांची जमीन कागदावर एकत्र करायची, उतार पाहून रस्ते, गटारी, मैदान आणि शाळेची जागा आधी काढून घ्यायची आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड करून प्रत्येक मालकाला त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात परत द्यायचे. जमीन कमी मिळते, पण रस्त्यावरची आणि सरळ मिळते, म्हणून तिची किंमत वाढते. पालिकेला भूसंपादनाचा खर्च येत नाही. आणि आरक्षणाचा सारा भार एकाच दुर्दैवी मालकावर न पडता सर्वांवर सारखा वाटला जातो. हे साधन महाराष्ट्राने नंतर जवळजवळ खुंटीला टांगले आणि गुजरातने १९७६ च्या आपल्या कायद्यात जपून ठेवले. अहमदाबाद आणि सुरत यांची कडेची वाढ बहुतांशी अशाच योजनांनी झाली आहे. आपला खानदेशी कामगार ज्या सुरतेत जाऊन राहतो, तिथले रुंद रस्ते पाहून तो गावी आल्यावर नवल सांगतो, पण त्यामागचे साधन आपल्याच जुन्या मुंबई प्रांताचे आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. या योजनांतही दोष आहेत: त्यांना वर्षानुवर्षे लागतात, आणि लहान तुकड्याच्या मालकाला परत मिळणारा भूखंड घर बांधण्याजोगा राहत नाही. पहिल्या दोषावर मुदतीचे बंधन आणि दुसऱ्यावर लहान मालकांना कपातीत सवलत, हे उपाय अशक्य नाहीत. सर्वांत मोठी अडचण विश्वासाची आहे. आपली जमीन सरकारी कागदात एकदा गेली की परत किती आणि कुठे येईल, या शेतकऱ्याच्या शंकेला आजवरच्या अनुभवाचा आधार आहे, त्यामुळे पहिली योजना लहान, दोन-तीन वर्षांत पुरी होणारी आणि नकाशासह चावडीवर लावलेली असली पाहिजे.

एवढेही जमत नसेल तर निदान गाव नकाशा तरी उघडावा. भूमी अभिलेख खात्याकडच्या प्रत्येक गावाच्या नकाशावर हद्दीचे शिवरस्ते, गाडीमार्ग, पायवाटा आणि नाले दाखवलेले असतात. शिवरस्त्याची रुंदी साधारण ३० ते ३३ फूट धरलेली आहे. हे रस्ते कोणाच्याही खासगी मालकीचे नाहीत, ते अनेक गटांना ओलांडून सलग जातात, आणि एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडतात. म्हणजे नव्या शहराला लागणारा सांगाडा आधीच तिथे आहे. नांगराने आणि कुंपणाने तो अर्धाअधिक गिळला आहे, परंतु नकाशावरून तो पुन्हा मोजून काढता येतो. ले-आउट मंजूर करण्यापूर्वी त्या गटाला लागून असलेला शिवरस्ता मोकळा झाला पाहिजे आणि आतला प्रत्येक रस्ता त्याला मिळाला पाहिजे, अशी अट घालायला नवा कायदा लागत नाही. नाल्यांबाबतही हेच: नकाशावरचा नाला हा पाण्याचा आणि पुढे गटाराचा हक्काचा मार्ग आहे, तो बुजवून त्यावर प्लॉट क्रमांक टाकू नये. शहरनियोजनकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले, पुढे मुंबई विद्यापीठात शिकवते झाले, आणि आधी पाहणी मग आराखडा हा आग्रह त्यांनी इथल्या कितीतरी शहरांच्या बाबतीत धरला. आपल्याकडे पाहणी शंभर वर्षांपूर्वीच झालेली आहे, ती तलाठी सजेच्या कपाटात आहे.

शेवटचा मुद्दा जळगाव आणि भुसावळचा. वाढत वाढत एकमेकांना भिडणाऱ्या शहरांच्या साखळीकडे १९१५ मध्ये लक्ष वेधले तेही गेडिस यांनीच. जळगाव आणि भुसावळ यांच्यात सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. मध्ये नशिराबाद आणि साकेगाव. महामार्गाच्या कडेने ही फट भरत चालली आहे आणि दोन्ही पालिका आपापल्या हद्दीपुरते पाहत आहेत. दोन्ही शहरांची मिळून २०११ ची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत होती, त्यामुळे दहा लाखांची अट असलेली महानगर नियोजन समिती इथे होणार नाही. परंतु ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यासाठी नियोजन समिती सांगितली आहे आणि ग्रामपंचायती व पालिका यांच्या आराखड्यांची सांगड घालणे हेच तिचे घटनात्मक काम आहे; निधीवाटपाच्या बैठकांत ते काम बाजूला पडते. वाघूर धरण जळगावची तहान भागवते आणि भुसावळ तापीवर अवलंबून आहे. मधल्या पट्ट्यात उद्या दोन लाख माणसे राहायला आली तर त्यांचे पाणी कोणत्या नदीतून आणि सांडपाणी कोणत्या नाल्यात, हे जिल्हा नियोजन समितीने आजच एका नकाशावर मांडायला हवे.

तेव्हा यापुढे हद्दवाढीच्या प्रत्येक ठरावासोबत आत येणाऱ्या गावाचा गाव नकाशा, त्यावर आजवर मंजूर झालेले सर्व ले-आउट, मोकळे करायचे शिवरस्ते व नाले आणि पुढच्या वीस वर्षांच्या रस्त्यांच्या रेषा, असे एकत्र दाखवणारे एक पान जोडलेले असावे, आणि ते नसेल तर पालिका सभेने ठराव विचारात घेऊ नये, अशी मागणी मी या पत्राद्वारे करत आहे. प्रारूप आराखड्यांवर हरकती घेण्याची मुदत थोडी असते आणि ते नकाशे पाहायला कार्यालयात जाणे शेतकऱ्याला व नोकरदाराला जमत नाही. म्हणून असे पान उपलब्ध होईल तेव्हा आपल्या दैनिकाने ते गावनिहाय, गट क्रमांक वाचता येतील एवढ्या आकारात छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
भूगोलाची एक शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव